चाळीस पुड्या

"हातात तर येऊ द्या!"

हे त्यांचं पालुपद. कापसाची गाडी चिखलीच्या बाजारात थांबायच्या आतच ते मागून हात घालून चिमूटभर कापूस ओढायचे. दोन्ही चिमटींत धरून धागा ताणायचे, कानाशी नेऊन तुटल्याचा आवाज ऐकायचे. शेतकरी ओरडायचा, "अहो, बैलं तर सोडू द्या!" तोवर हे पुढच्या गाडीला लागलेले.

कापसातून सरकी काढणाऱ्या आमच्या जिनात ते कापसाचे पारखी होते आणि मी कारकून. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, आणि कापसाचा बाजार खामगावच्या एका मोठ्या कंपनीच्या मर्जीनं. दोन्ही ठिकाणचे साहेब आम्ही कधी पाहिलेले नव्हते.

काही माणसं खुर्चीवर बसली तरी उठायच्याच बेतात असतात. तुम्हीही पाहिली असतील. हे त्यातले. जेवताना मधेच उठून दारात जायचे. त्यांची बायको म्हणायची, "यायले वाढा अन् यायले शोधा, हेच माह्यं काम." एका लग्नात तर त्यांनी व्याह्यांच्या फेट्याचं टोक चाचपलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हा धागा आपल्या इकडचा नाही." फेटा देणारे मामा जेवायचं ताट सोडून उठले होते.

एकदा जिनाच्या मालकानं, शेठनं, वजनासाठी पाणी मारलेला कापूस कोरड्या ढिगात घालायला सांगितला. हे म्हणाले, "शेठजी, ओल्याले कोरडं म्हणणं माह्या बोटायले जमत नाही." शेठ म्हणाला, "मग बोटं घेऊन घरी जा." ते खरंच गेले.

त्याच महिन्यात खामगावच्या कंपनीला पारखी हवा असल्याचं कळलं. इंग्रजीत अर्ज मी लिहिला. मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा ते घडी करून त्यांनी टोपीत ठेवलं आणि गावभर हिंडले. भेटेल त्याला टोपी काढून दाखवायचे. पत्र वाचता त्यांनाही येत नव्हतं आणि पाहणाऱ्यांनाही.

खामगावला मी सोबत गेलो. माझा कोट त्यांना आखूड होत होता. मोटार जिथे थांबेल तिथे ते उतरायचे, एक चक्कर मारून परत चढायचे. "बाबू, इंग्रजीत विचारलं तं?" "कापूस दाखवा म्हणावं." "हाव, तेच म्हणतो."

पण कोणी काहीच विचारलं नाही. हेडक्लार्कनं मान वर न करता एका लांब टेबलाकडे बोट केलं. त्यावर कापसाच्या नमुन्यांच्या चाळीस पुड्या होत्या. "प्रतवारीनं लावा," एवढंच तो म्हणाला. मला बाहेर व्हरांड्यात बसवलं.

दोन तास झाले. चपराशी पाणी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "कायले थांबून राह्यले बाबू? जागा तर मागच्या आठवड्यातच भरली. टेबलाजवळ तो काळ्या कोटातला उभा हाय ना, तोच. हेडक्लार्कचा भाचा. त्याले शिकायसाठी कोणीतरी नमुने लावून पाहिजे होते."

मी खिडकीशी गेलो. भाचा वही घेऊन ते सांगतील ते टिपून घेत होता. आणि हे? हे बसले होते! इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, बोटं भराभर धागा काढत होती, चेहरा अगदी उजळलेला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी पटकन बाजूला झालो. आत जाऊन सांगावं, असं दहादा वाटलं. पाय उचलला नाही.

तीन वाजता ते बाहेर आले. एक शब्द न बोलता बाजारातून इतके झपाझप चालत सुटले, की मला धावावं लागलं. मोटार स्टँडवर आल्यावर म्हणाले, "जागा नाही म्हणे. लागली तं कळवू म्हणे."

मी तिकिटं काढून आणली.

"बाबू, चाळीस पुड्या लावल्या. एक चुकली नाही. अन् त्या माणसानं मान वर करून पाह्यलं नाही." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्हाले कधी समजलं?"

"तुमच्यासोबतच," मी म्हणालो.

त्यानंतर ते बाजारात यायचे, पण हात खिशात घालून. ओळखीचे शेतकरी आपणहून म्हणायचे, "पाहा ना जरा." ते मान हलवून पुढे जायचे. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा मागे. मी शेठशी बोलतो म्हटलं, तर म्हणाले, "काऊन? ओला कापूस कोरडा करायले?"

साखरखेर्ड्याला त्यांच्या मेहुण्याचा भाजीपाल्याचा मळा होता. तिकडे जायचं ठरलं. सकाळच्या मोटारीवर मी पोचवायला गेलो. बायको आत जाऊन बसली होती. त्या दिवशीचं खोटं अजून तसंच होतं. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून मी म्हणालो, "खामगावला मी तुम्हाला एक..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "खिडकीतून पाह्यलं तवाच तुमचं तोंड पाहून समजलं होतं मले."

मी विचारलं, "मग उठून आला का नाहीत?"

"अकरा पुड्या राह्यल्या होत्या ना बाबू."

आतून बायकोनं हाक मारली. ते चढले आणि क्लीनरनं दार लावून घेतलं. ते पुन्हा चिखलीला आले नाहीत. माझा कोट मात्र महिन्याभरानं कोणाच्या तरी हाती आला, धुऊन, नीट घडी घालून. बाह्यांची शिवण उसवली होती, ती कोणीतरी बारीक टाक्यांनी शिवली होती.