शनिवारचं ऑइल

रविवारी सकाळी लोक देवपूजा करतात, पोहे करतात, नाहीतर उशिरापर्यंत लोळतात. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं बॉनेट उघडायचे. गाऊनवर ओढणी, एका हातात जुन्या चादरीचा तुकडा, दुसऱ्या हातात डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची काडी. समोरच्या काकू गॅलरीत तुळशीला पाणी घालता घालता विचारायच्या, "काय गं, अजून खाते का?" गाडी ऑइल खाते, असं मी एकदा त्यांच्यापाशी बोलून बसले होते. तेव्हापासून त्या गाडीची चौकशी घरातल्या माणसासारखी करत.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती घेतली. त्या वेळी आई होती. आता आई नाही. आप्पांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही होऊन गेलं आहे, आणि लग्न न केलेली मी त्या दोघांबरोबर इंदिरानगरला राहते. घरात तरुण म्हणावं असं कोणी नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार आप्पा गाडी काढून सिन्नरच्या पुढे आत्याच्या गावाला जातात. आत्या त्यांच्याहून मोठी. तिची नजर गेल्यात जमा आहे. मुलगा आणि सून दोघंही सकाळीच सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जातात आणि ती दिवसभर ओट्यावर एकटी बसून असते. आप्पा जातात, तिच्याबरोबर भाकरी खातात, बापाच्या वेळच्या बांधावरून तिच्याशी भांडतात आणि दुपारच्या चहाला परत येतात. गुडघ्यामुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसणं तर लांबच. म्हणजे गाडी गेली की आत्याकडे जाणं संपलं. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

तरी गाडी जावी असं मला वाटत होतं, कारण माझा जीव त्या तीन दिवशी थाऱ्यावर नसायचा. सिंहस्थासाठी खणून ठेवलेले रस्ते, द्वारका चौकातला गोंधळ, मोहदरी घाटात मागून भोंगा वाजवत येणारे ट्रक, आणि या सगळ्यातून माझा म्हातारा, खिडकीबाहेर कोपर काढून. ऑफिसात मी आकडे बघायचे आणि डोळ्यांसमोर घाट यायचा. पण "आप्पा, आता तुम्ही गाडी चालवू नका," हे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, स्कूटर शिकवली, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

अशात एकदा वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. आप्पांनीच घरी येऊन सांगितलं. मी ती गोष्ट घट्ट धरली.

अंबडच्या गॅरेजवाल्यानं काडी ओढून पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, थोडं तर खाणारच. किती खाते ते बघावं लागेल. आता वरच्या खुणेपर्यंत भरून देतो. महिनाभर दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर चेक करा. जास्त खात असेल तर इंजिन खोलावं लागेल, आणि या गाडीला तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही."

शेवटचं वाक्य मला हवं होतं तसंच होतं. संध्याकाळी चहा घेताना मी जाहीर केलं, "महिनाभर बघू. ऑइल कमी होत असेल तर गाडी काढून टाकायची. मग रडारड नको."

"बरं," आप्पा म्हणाले.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. आप्पा कधीच कशाला पहिल्या झटक्यात बरं म्हणत नाहीत. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं तरी ते आधी डॉक्टरांना त्यांच्या जेवणाबद्दल विचारतात.

पहिल्या रविवारी ऑइल वरच्या खुणेवर. दुसऱ्या रविवारी वरच्या खुणेवर. मी काडी पुसून परत घातली, परत काढली, मान तिरकी करून उजेडात धरली. ऑइल जिथल्या तिथे. आनंद व्हायला हवा होता, पण मला चक्क राग आला. इंटरनेटवर शोधलं, तर एक म्हणे जुन्या गाडीनं ऑइल पिणं अगदी नॉर्मल, दुसरा म्हणे हीच वेळ आहे विकायची, तिसरा कुठल्याशा बाटलीची जाहिरात करत होता. थोडं खाणं नॉर्मल, हे सगळ्यांना मान्य होतं. अजिबात न खाणाऱ्या म्हाताऱ्या गाडीबद्दल कोणीच काही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ऑइल वरच्या खुणेच्याही किंचित वर होतं.

मी गॅरेजवाल्याला फोन केला. "वाढलंय," म्हटलं.

"ऑइल वाढत नसतं मॅडम."

"मग मी खोटं बोलतेय का?"

"तसं नाही. गाडी उतारावर असेल."

गाडी उतारावर नव्हती. मी एक लिंबू नेऊन पार्किंगच्या फरशीवर ठेवून पाहिलं. लिंबू जागचं हललं नाही. काकू वरून बघत होत्या. मी गाडीची दृष्ट काढतेय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी आप्पांचा फोन आला. आत्याला ताप होता, मुलगा आणि सून पाहुण्यांकडे लग्नाला मालेगावला गेलेली, म्हणून ते तिथेच राहणार होते. मी "बरं" म्हटलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. ते परत आले शनिवारी दुपारी. डोळे ओढलेले, आवाज बसलेला. आत्याच्या उशाशी रात्र जागून काढली होती त्यांनी. जेवले आणि झोपले. रात्रीही लवकर झोपले.

रविवारी मी नेहमीपेक्षा लवकरच खाली गेले. महिना संपत होता, आज निकाल होता. काडी ओढली, पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेपासून चांगलंच खाली आलेलं. तळाला गेलं नव्हतं, पण खाली. एकदम इतकं. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हातात आलं आणि मी काडी उगाच पुन्हा एकदा पुसली. आता वर जाऊन सांगायचं होतं.

वर जावंच लागलं नाही. आप्पा घाईघाईनं जिना उतरत होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, केस उभे. मला बॉनेटपाशी बघून ते थबकले.

"उठलीस पण?"

"आप्पा, ऑइल कमी झालंय."

"होणारच," ते म्हणाले. "काल शनिवार होता."

तोंडातून निघालेला शब्द परत घेता आला असता तर त्यांनी तो तिथेच, पार्किंगच्या फरशीवरून उचलून घेतला असता.

आमच्या घरात शनिवारी तेल आणायचं नाही, पिशवी फोडून डब्यात ओतायचं नाही. हा आईचा नियम. आप्पांनी त्याची जन्मभर चेष्टा केली. मुद्दाम शनिवारी तेलाची पिशवी आणून ओट्यावर ठेवायचे आणि आई ती उंबऱ्याबाहेर ठेवायची. गाडी नवीन असताना एका शनिवारी त्यांनी इंजिन ऑइलचा डबा आणला, तेव्हाही आईनं तो दाराबाहेर ठेवायला लावला. "अगं, हे ऑइल आहे, तेल नाही," आप्पा म्हणाले. आई म्हणाली, "इंग्रजी नाव ठेवलं म्हणून शनीला कळत नाही होय?" यावर आप्पा आठवडाभर हसत होते. पाहुण्यांना सांगत होते. आई गेल्यानंतर शनिवारी घरात तेल आलेलं नाही. हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं. मला वाटायचं योगायोग असेल.

मी डिकी उघडली. स्टेपनीशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ऑइलचा डबा आणि एक लहान नरसाळं. दर शुक्रवारी आत्याकडून परत आले की मी ऑफिसात असताना ते ऑइल भरत होते. तिसऱ्या आठवड्यात हात थोडा सैल पडला होता, एवढंच. या शुक्रवारी ते इथे नव्हते. शनिवारी आले, पण शनिवारी डब्याला हात लावायचा नव्हता. रविवारी पहाटे भरू म्हणाले आणि डोळा लागला.

मी चिडले. खूप चिडले. "मला मूर्ख बनवत होतात? इतके रविवार मी गाऊनवर इथे येऊन..."

"तुला मूर्ख कशाला बनवू? तू गाडी विकणार होतीस."

"ऑइल खातेय म्हणून विकणार होते!"

"ऑइल खातेय म्हणून?" आप्पा बॉनेटला टेकले. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुझं दुखणं दुसरंच आहे. ते बोल की."

सोमेश्वर आमच्या गावातच आहे, पण मला हसू आलं नाही. गॅलरीतून काकू ऐकत होत्या, तरी मी बोलले. "मला तुमची भीती वाटते आप्पा. गाडीची नाही. तुम्ही घाटात असता तेव्हा मला काही सुचत नाही. फोन वाजला तरी दचकते, नाही वाजला तरी घड्याळ बघत बसते."

ते बराच वेळ बटणं नीट लावत राहिले.

"मग तसं म्हणायचं," ते म्हणाले. "त्या काडीला कशाला मध्ये घालतेस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांना आणि गाडीला घेऊन मी गॅरेजवर गेले आणि सगळं सांगितलं. दर आठवड्याला साधारण किती भरत होतात, असं त्यानं आप्पांना विचारलं. आप्पांनी डब्यावर बोट ठेवून दाखवलं. गॅरेजवाल्यानं गाडीखाली वाकून पाहिलं, सायलेन्सरपाशी उभं राहून इंजिन रेझ करायला लावलं आणि म्हणाला, "कुठे गळत नाही, ऑइल जळल्याचा निळा धूर नाही. घाट चढून एवढंच खात असेल तर नॉर्मल आहे. दर आठवड्याला बघा, लागेल तेवढं टाका. खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका." तो हसत होता. "हे लपवायचं कशाला, काका?"

मी विचारलं, "अजून किती चालेल?"

"ते मी कसं सांगू?"

म्हणजे जे लपवण्यासारखं नव्हतं ते आप्पा लपवत होते, आणि जे बोलण्यासारखं होतं ते मी लपवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघाले होते, आणि तो संन्यासी बिचारा आपला घाट चढत होता.

बुधवारी रजा टाकून मी आप्पांच्या शेजारी बसले. ते चांगली गाडी चालवतात. सावकाश, ट्रकला आधी जाऊ देत, आरसा बघत. मला आनंद झाला आणि तरीही पूर्ण रस्ताभर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. घाटात तर मी डोळेच मिटून घेतले. आप्पांनी रेडिओ लावला.

गावात शिरलो. आत्याचं घर अजून वळणापलीकडे होतं. वळण घेतलं तर ती ओट्याच्या कडेला येऊन, खांबाला धरून, आमच्याकडे तोंड करून उभी. तिला दिसत काहीच नाही. गाडी थांबायच्या आत म्हणाली, "आलास व्हय? भाकरी कवाची गार झाली."

"तुला कसं कळलं, आत्या?" मी विचारलं.

"अगं बाई, तूबी हाय का? कळतंय की. गाडी लय खोकती त्याची. मला तर हनुमानाच्या देवळापासनंच ऐकू येती."

जेवणानंतर ती दोघं बांधावरून भांडली. मी बाहेर गाडीपाशी उभी राहिले. नवीन गाडी घेऊन दिली असती तरी ती आत्याला ऐकू आली नसती, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

परतताना सिन्नर सोडल्यावर मी विचारलं, "आप्पा, किती दिवस चालवणार?"

त्यांनी गिअर बदलला. "ती आहे तोवर," म्हणाले.

कोण ती, हे मी विचारलं नाही.

आज शुक्रवार आहे. ऑफिसातून मी लवकर निघाले, आता शुक्रवारचं ऑइल माझ्याकडे आहे. पोचल्याचा फोन सकाळी आला होता. निघाल्याचा अजून आलेला नाही. चहा दोनदा गरम केला. गॅलरीत जाऊन फाटकाकडे बघून आले, मग पुन्हा गेले. माझी ही धडधड काही जायची नाही. आप्पांनाही मी तसं सांगितलंय. आता बाहेर अंधारायला लागलंय. उद्या शनिवार, भरायचं ते आजच, म्हणून डबा आणि नरसाळं दाराशी आणून ठेवलंय. कान खाली, गाडीच्या आवाजाकडे आहेत. आत्याला हनुमानाच्या देवळापासून ऐकू येतं म्हणे. मला अजून फाटकापासूनच येतं.