दुसऱ्या फेरीची यादी

सिंगापूरमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी गणपती बसवायला येणाऱ्या काकांचा फोन कुणी टाळत नाही. आधी ते गुडघ्याची चौकशी करतात, मग मुलांच्या परीक्षेची, आणि काम अगदी शेवटी सांगतात.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी तिघे उभे होते आणि कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. पहिल्या दोघांत पुढच्या रविवारी दुसरी फेरी ठरली. "मागचं मत वाया गेलं का?" असं जो तो विचारू लागला, म्हणून लोकांना पुन्हा मतदानाला बोलवायचं काम आम्ही काकांना दिलं.

सभासदांची यादी मी केली. दोघांपैकी एक माझा मित्र होता. त्याच्या विरोधातली चोआ चू कांग भागातली पंधरा घरं मी यादीतून गाळली.

काकांनी आठवडाभर फोन केले. "मत कुणालाही द्या, पण या बरं का," एवढंच ते सांगत. रविवारी ती पंधराही घरं मुलाबाळांसह हॉलवर हजर होती. मित्र हरला.

निकालानंतर काका माझ्याजवळ आले.

"तुमच्या यादीत पंधरा घरं राहिली होती. माझ्या गणपतीच्या वहीत सापडली, तिथून फोन केले. घाईत झालं असेल."

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

"हो काका, घाईतच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.