वन्सं आणि दाबलेल्या फाइली

माझ्या थोरल्या वन्संनी मोजल्याशिवाय बडोद्यात कुठलीही वस्तू इकडची तिकडे होत नसावी, असं मला लग्नापासून वाटत आलंय. वन्सं म्हणजे ह्यांची बहीण. बडोद्यातच अकोटा भागात एकट्या राहतात आणि एका संशोधन संस्थेत नोकरी करतात. दवाखान्यांतून मेंदूच्या स्कॅनच्या फाइली जागा वाचावी म्हणून दाबून, आक्रसून येतात. त्या मोकळ्या करायच्या आणि मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा रूपात बदलायच्या, हे त्यांचं काम. आधी चित्रं मोजायची, मग उजव्याचं डावं झालं नाही ना ते बघायचं, शेवटी पेशंटचं नाव पुसून नंबर द्यायचा. ही शिस्त अंगात इतकी मुरलीय, की डब्यातले लाडू बरणीत भरले तरी त्या दोन्हीकडे मोजतात. एकदा मी मधेच एक तोंडात टाकला, तर सगळे लाडू परत डब्यात गेले! पुतणीच्या लग्नाचा अल्बम आला, सगळे वाखाणत होते, आणि वन्सं म्हणाल्या, "जावयाचं घड्याळ उजव्या हातात कसं?" फोटो उलटा छापलेला. फोटोग्राफर कुरकुरला, "बेन, आमां कोण जुए छे?" एवढं कोण बघतंय, म्हणे. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "हुं जोउं छुं." मी बघते. फोटो बदलून मिळाला.

चित्रात काय आहे ते मात्र त्या कधी सांगत नाहीत. "आजार डॉक्टरांनी बघायचा. मी नुसतं दार उघडून देते."

गेल्या वर्षी ह्यांना चक्कर यायला लागली. स्कॅनमध्ये गाठ निघाली. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती नेमकी केवढी आहे यावर ठरणार होतं, आणि डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली उघडेचनात. पडदा काळाच्या काळा. मी सीडी घेऊन अकोट्याला धावले.

"आधी पाणी पी," वन्सं म्हणाल्या आणि कामाला बसल्या. फाइली मोकळ्या केल्या, बदलल्या, दोनदा मोजल्या, उजवं-डावं तपासलं. मला राहवेना.

"वन्सं, काय दिसतंय हो?"

"एकशे ब्याण्णव चित्रं दिसतायत." एवढं बोलून त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेनड्राइव्ह लावला आणि फाइली झटक्यात उघडल्या. ते पडद्याकडे बघून हसले. "आ बाळू कोण छे?"

नावाच्या जागी लिहिलं होतं: बाळू. नीट बघा.

डॉक्टरांनी खरंच नीट बघितलं. गाठ लहान निघाली, ऑपरेशन टळलं, गोळ्यांवर भागलं. परतताना रिक्षात हे म्हणाले, "आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती."

आम्ही तसेच वन्संकडे गेलो. बातमी ऐकून त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या. मी नावाचं विचारलं, तर आमच्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवत म्हणाल्या, "सवयीनं नाव पुसलं गेलं. नंबर द्यायला हात होईना." आणि मग ह्यांना, "सुधीर, असा उभा का? ये ना आत."

हे आणखी थोडा वेळ दारातच उभे राहिले. पुन्हा एकदा 'बाळू' म्हणून हाक येईल, असं त्यांना वाटत असावं.