सावत्र आईचं फूल

बनारसला पोचले तेव्हा धुक्यात गंगाच दिसत नव्हती. मी भाचीला, रमाला, घरी आणायला आले होते. ती तान्ही असतानाच तिची आई, म्हणजे माझी ताई, गेली. भावजींनी सुधाबाईंशी दुसरं लग्न केलं, बँकेतली नोकरी इथेच ठेवली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वर जर्मनही शिकले. रमाला मीच शिकवीन, असं आईला सांगून निघाले होते.

बालाजी घाटामागच्या गल्लीत घर. सुधाबाईंनी आधी मलइयो (दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस) पुढे केला. जिभेवर ठेवला की नाहीसा. जेवताना त्यांनी गळ्यातला चांदीचा टाक (वारलेल्या सवतीची प्रतिमा, दुसरीने घालायची रीत) बाहेर काढला, त्याला घास दाखवला, मग स्वतः जेवल्या.

गच्चीवर कुंडीत पॅन्सी फुलली होती. मला राहवलं नाही, एक फूल खुडलं.

"रमा, जर्मन लोक याला 'श्टीफम्युटरशेन' म्हणतात, छोटी सावत्र आई. ही खालची मोठी, नटलेली पाकळी म्हणजे ती. आता उलटं बघ. मागे बसायला पाच हिरवे पाट आहेत ना? दोन हिनेच अडवलेत. बाजूच्या तिच्या सख्ख्या मुली, त्यांना एकेक. वरच्या दोघी सावत्र, त्यांना मिळून एकच. तिथले जुने लोक नावाचं मूळ असं सांगतात."

"और पापा कहाँ बैठे हैं?"

"मध्ये. सगळ्या पाकळ्या उपटल्या की दिसतो."

भावजींनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. सुधाबाई कपडे वाळत घालत म्हणाल्या, "जर्मनीत ठीक आहे हो, दोन-दोन पाट! मी तुमच्या ताईंना गळ्यात घेऊन जेवते, तरी कोणी ना कोणी मला तपासायला येतंच."

"मौसी, मम्मी को ऐसे मत बोलो." रमाने फूल माझ्या हातातून काढून घेतलं.

"येतेस माझ्याबरोबर?"

तिने मान हलवली. नाही.

निघताना घाटावर तिनेच विचारलं, "मौसी, मेरी वो वाली माँ कैसे बोलती थीं?"

मी ताईचा आवाज काढला, आमच्या गावचा. "ये गं माजे बाय, भाकर खाऊन घे, वाळंल न्हाई तर."

रमा खुदकन हसली. पुन्हा बोलायला लावलं, पुन्हा हसली, सोंगाड्याला हसावं तशी.

"हसू नये, बेटा," सुधाबाई म्हणाल्या. "आई होती तुझी."

गाडीत बसून मी छळाची एखादी खूण आठवत राहिले. वेण्या घट्ट घातलेल्या, नखं कापलेली, अंगात नवा स्वेटर. एखादा वळ दिसला असता तर पुन्हा भांडायला जाता आलं असतं. आता कशासाठी जाऊ? घरी आई दारातच उभी असेल. तिला सांगायचं आहे, की तुझी नात सुखात आहे.