पोल्ट्रीच्या कोंबडीची हळद

केजच्या बाजारातून मोटारसायकलवर येत होतो. पुढे कोंबड्यांचा टेम्पो. खड्ड्यात तो असा आदळला की मागच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि एक पांढरी कोंबडी रस्त्यावर पडली. मी हॉर्न वाजवला, हात केला. टेम्पोवाला गाणी लावून निघून गेला. कोंबडी मधोमध बसून राहिली. उठावं हेसुद्धा तिला सुचेना. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे असं बसून राहिलेलं कुणी दिसलं की मला राहवत नाही. पिशवीत घालून घरी आणली.

अंगणातल्या सात गावरान कोंबड्या बायकोच्या. त्यांच्या बाबतीत माझं काही चालत नाही. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. "रविवारी भाऊ यायलाय जेवायला. तवर ही आपल्यात रुळली तर रुळली, न्हाईतर रस्सा."

तो दिवस मंगळवार. नवीन पोराला सरळ वर्गात ढकलायचं, हा माझा जुना खाक्या. तसंच तिला सोडलं. सातांची म्होरकी एक काळी कोंबडी. तिने मान तिरकी करून पाहिलं आणि थेट नवीच्या मानेवर टोच मारली. मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. रक्त आलं तसं मी तेलात हळद कालवून जखमेवर लावली आणि स्वतःवर खूश झालो.

पण पांढऱ्या पिसांवर तो पिवळा डाग लांबून दिसायला लागला, आणि सगळ्या नेमक्या तिथेच टोचू लागल्या. मला फार वाईट वाटलं. वाचवायला आणलेल्या जिवाचे मीच हाल मांडले होते.

"अवो, निशाण लावून दिलं की तुमी," बायको म्हणाली. "शाळेत बी असंच शिकवलं का?"

तिने नवीवर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि सगळ्यांचे दाणे त्याच्याभोवती टाकायला सुरुवात केली. तीन दिवस फटीतून एकमेकींना बघत त्या दाणे टिपत होत्या. त्यांचं पाहून नवीही माती उकरायला शिकली. फक्त उकरून झालं की दाणा वरून पडेल म्हणून वर बघत बसायची.

शनिवारी डालगं उचलायच्या आधी बायकोने परातीत हळद कालवली. मी एकेक कोंबडी धरायची, तिने मानेला हळद फासायची. काळीने माझं मनगट चांगलंच फोडलं. साती पिवळ्या झाल्यावर डालगं उचललं. काळी नवीवर धावली, मधेच थांबली, शेजारणीकडे पाहिलं, परत नवीकडे पाहिलं. टोचायचं कुणाला ते काही ठरेना, तेव्हा दाणे खायला लागली. मला हसता हसता ठसका लागला.

रविवारी मेहुणा आला. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्याला पांढरी दिसली. "दाजी, लई भरलेली हाय की. हिचाच बेत का?"

मी आत चुलीकडे पाहिलं. रुळली, असं बायकोने अजून तोंडाने म्हटलं नव्हतं.

तिने ताटं आणून ठेवली. पिठलं, भाकरी, ठेचा. मेहुण्याने आधी ताटाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हळद लागलीय तिला," ती म्हणाली. "हळदीच्या पोरीला उंबऱ्याबाहेर जाऊ देत न्हाईत, अन् तू कापायचं म्हनतूस. जेव गुमान."

पिठलं मला एरवी आवडत नाही. त्या दिवशी मी दोनदा मागून घेतलं.