साडभाऊंची उलटी हरकत

गाव आपोआप नीट वाढतं, यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण गावं मोजायचं काही थांबले नाहीत. मी चंद्रपुरात घर बांधलं तेव्हा पाहुणे देवघराची दिशा बघत होते आणि हे तासभर गेटाबाहेर उन्हात उभे. आत येऊन म्हणाले, "घर चांगलं आहे जी, पण आटो कुठी थांबते?" पुतणीला राजुऱ्याकडचं स्थळ आलं, तर यांनी मुलाच्या पगाराआधी शेवटची बस विचारली. ती दुपारीच सुटते म्हटल्यावर "मंग पोरगी माहेरी येईन कवा?" म्हणून अडून बसले. मुलाकडे मोटारसायकल निघाली म्हणून ते लग्न झालं.

त्यांचं म्हणणं तसं साधं आहे. दवाखाना एकीकडे, कॉलेज दुसरीकडे आणि बसस्टँड तिसरीकडे असलेलं गाव कागदावर कितीही सुबक दिसो, हाल चालणाऱ्याचेच होतात. हे ते कुणालाही सांगतात, अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्यालासुद्धा.

अशात त्यांच्या तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. रुग्णालय धानशेतीच्या बाजूला, आणि नवं बसस्टँड पार दुसऱ्या टोकाला, बायपासवर. जंगलातल्या गावांहून बसने येणारे आजारी लोक, गरोदर बाया सगळं गाव पायी ओलांडणार, या विचाराने साडभाऊंची झोप उडाली. रुग्णालयाच्या जागेला लागूनच त्यांची स्वतःची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत होतं.

हरकती द्यायच्या दिवशी मी सोबत होतो. रांगेतला प्रत्येक जण आराखड्याने आपल्या जमिनीवर टाकलेलं आरक्षण काढा म्हणून आलेला. हरकती घेणाऱ्या साहेबांनी यांचा अर्ज न वाचताच विचारलं, "आरक्षण काढायचं ना, काका?"

"नाई साहेब, टाकाचं आहे. बसस्टँड माह्या बांधीवर टाका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागून कुणीतरी "बुढा सटकला" म्हणालं. घरी त्यांच्या बायकोने तर धारेवरच धरलं. "लोकं जमीन वाचवून राह्यले अन् हे देऊन राह्यले! धान काय स्टँडवर पेराचा?" पण सुनावणीच्या दिवशी डबा मात्र तिनेच भरून दिला.

आराखडा होता तसाच मंजूर झाला. बांधी वाचली म्हणून बायकोने पेढे वाटले, साडभाऊंनी एकही खाल्ला नाही.

पुढे काही वर्षांत रुग्णालय आणि स्टँड आराखड्याप्रमाणेच उभे राहिले. परवा ते माझ्याकडून परत निघाले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांमुळे मी सोबत गेलो. बसने आम्हाला बायपासवरच्या नव्या स्टँडवर उतरवलं. होते ते आटो भरून गेले होते. मागून एक बाई पोटुशा सुनेला धरून उतरली.

"भाऊ, दवाखाना कुठी आहे जी?"

आता आराखड्यावर व्याख्यान सुरू होणार, असं मला वाटलं. पण तिच्या हातातली पिशवी घेत ते एवढंच म्हणाले, "चाल बाई, मी तिकडंच जाऊन राह्यलो."

त्यांचं घर स्टँडपासून दोन मिनिटांवर होतं. ते लंगडत उलट दिशेला निघाले. मी त्यांना भराभर गाठून ती पिशवी त्यांच्या हातून काढून घेतली, आणि आम्ही चौघं सुनेच्या चालीने गाव ओलांडायला लागलो.