लिफ्टमधले चिंचोके

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू पूर्ण झालेली नसते. कंपनीने ती अर्धवट सोडून त्यांच्याकडे पाठवलेली असते. मूळचे नावड्याचे, आता खांदेश्वरला आमच्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात. जेवायला आले की आधी घर तपासतात. आमच्या बादलीच्या कडीला त्यांनी पाइपचा तुकडा बसवला, हाताला रुतू नये म्हणून. तेलाच्या पिशवीला कोपरा बेताचा कापून चिमटा लावला. "जावई, आता धार बारीक. हार्टचं टेन्शन नाय." पुढे ते नव्या कुकरकडे वळले, तेव्हा बायकोने "मामा, हात लावायचा नाही!" म्हणून तो कपाटात कोंडला. ते दुखावले नाहीत. कपाटाची कडी बघायला लागले.

मामींची नजर अधू झाल्यावर मामांनी घरभर चिंचोके चिकटवले. गॅसच्या बटणावर एक, मिठाच्या डब्यावर दोन. तोवर कोणाची हरकत नव्हती. मग लिफ्टमध्ये तळमजल्याच्या आणि चौथ्या मजल्याच्या बटणांवर चिंचोके उगवले आणि सोसायटीत करणीची बोंब उठली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये लिंबू-मिरची टांगली. सेक्रेटरी मी. नाइलाजाने मामांकडे गेलो आणि "मेंटेनन्सच्या दृष्टीने" असं काहीतरी पुटपुटलो. स्वतःचीच लाज वाटली.

"काढा," मामा म्हणाले. "पन मग हिला खाली परत मलाच न्यायला लागंल."

"अगो बाय, नको!" मामी आतून ओरडल्या. "हे खालच्या बाकावर येऊन बसले का बायका गप. एक तास मिलतो मला बोलायला, तो पन जानार."

त्या तासावर मी घाला घालायला आलो होतो. चहा अर्धा ठेवून उठलो.

रविवारी मी काकूंना लिफ्टमध्ये नेलं आणि डोळे मिटून चौथा मजला दाबायला सांगितलं. त्यांनी अलार्म वाजवला. पुन्हा चाचपताना बोटाला चिंचोका लागला, आणि लिफ्ट निघाली. वर पोचल्यावर लिंबू-मिरची काकूंनीच सोडली.

आता मामी संध्याकाळी एकट्या उतरतात. त्या बाकावर टेकेपर्यंत मामा गॅलरीतून बघत राहतात. परवा मी शेजारी उभा होतो. "जमलं की, मामा!" म्हणालो.

"जमला," ते म्हणाले. खालून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "आदी हात धरून न्यायचो. जाईपर्यंत भांडायची माझ्याशी."